इन्फन्टाइल स्पाझम्स : पहिला झटका आणि पहिला डोस यांच्यामधले दिवस

पारिजात_१७

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. ती साडेपाच महिन्यांची असताना एका संध्याकाळी झोपेतून उठल्याबरोबर तिने दोन्ही हात पुढे फेकले, मान छातीकडे झुकवली, क्षणभर तशीच ताठरली आणि मग सैल पडली. सात-आठ सेकंदांनी पुन्हा तेच झाले. असे बारा-तेरा वेळा झाल्यावर ती रडली. सासूबाईंना ती दचकली असे वाटले, म्हणून त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मला पोटात कळ आली असे वाटले, म्हणून मी बेंबीभोवती हिंग लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर ती खुदुखुदु हसत होती. त्यांनी पोटदुखीचे थेंब लिहून दिले. दहा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी दूध वर येत असेल म्हणून आणखी एक औषध दिले. दरम्यान तिचे हसू कमी झाले, खुळखुळ्याकडे वळून पाहणे थांबले आणि धरलेली मान पुन्हा लटपटू लागली. पहिल्या झटक्यापासून योग्य औषधाच्या पहिल्या डोसापर्यंत अडतीस दिवस गेले, हे मी नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले.

हा धागा कोणाला दोष देण्यासाठी काढलेला नाही. इन्फन्टाइल स्पाझम्स, म्हणजे तान्ह्या बाळांना मालिकेत येणारे अपस्माराचे झटके, या आजारावरच्या संशोधनात गेल्या वीस वर्षांत जे समोर आले, ते मराठीत एका ठिकाणी असावे आणि ज्यांना अधिक ठाऊक आहे त्यांनी त्यात भर घालावी, एवढीच अपेक्षा आहे.

हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला तोही एका बापाने. इंग्लंडमधल्या टनब्रिज गावचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी जानेवारी १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहिले आणि त्यातला रुग्ण त्यांचा स्वतःचा मुलगा होता. चार महिन्यांचा असताना त्याची मान पुढे झुकू लागली होती. पुढे तो वर्षाचा होत आला तेव्हा एकेका पाळीत दहा-वीस वेळा डोके खाली आणि गुडघे वर असे होत असे, पाळी दोन-तीन मिनिटे चाले आणि मग मूल घाबरून किंचाळे. जळवा, थंड पट्ट्या, जुलाब, हिरड्यांना चिरा, गरम पाण्याची आंघोळ आणि शेवटी अफू, असे सगळे करून झाले होते. लंडनच्या सर चार्ल्स क्लार्क यांनी त्या झुकण्यावरून त्यांना ‘सलाम झटके’ म्हटल्याचे वेस्ट लिहितात आणि कोणाला याविषयी काही ठाऊक असल्यास कळवावे, अशी आपल्या व्यवसायबंधूंना विनंती करतात. आपण इथे धागा काढतो तो याहून फार वेगळ्या कारणासाठी काढत नाही, असे मला ते पत्र वाचताना वाटले.

त्यानंतर शंभरेक वर्षे फारसे काही हाती लागले नाही. १९५२ मध्ये गिब्ज दांपत्याने या मुलांच्या ईईजीतल्या (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखातल्या) उंच, अस्ताव्यस्त, कोणत्याही लयीत न बसणाऱ्या लहरींना ‘हिप्सॅरिद्मिया’ असे नाव दिले. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये एसीटीएच या हार्मोनच्या इंजेक्शनांनी हे झटके थांबतात असे दिसले. पुढे व्हिगाबॅट्रिन हे अपस्माराचे औषध आले. कोणते औषध चांगले, याचा पहिला मोठा निवाडा ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने केला. त्यात १०७ बाळे होती. हार्मोन उपचार, म्हणजे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा कृत्रिम एसीटीएचची इंजेक्शने, मिळालेल्या ५५ बाळांपैकी ४० जणांचे झटके तेराव्या-चौदाव्या दिवशी पूर्ण थांबलेले होते. व्हिगाबॅट्रिन मिळालेल्या ५२ पैकी २८ जणांचे थांबले होते.

मला मात्र याच बाळांचा २०११ सालचा पाठपुरावा अधिक महत्त्वाचा वाटतो. ७७ मुले चार वर्षांची झाल्यावर त्यांचा विकास मोजला गेला आणि पहिला झटका व उपचाराची सुरुवात यांच्यामधल्या काळाशी तो ताडून पाहिला गेला. त्या काळाच्या पायऱ्या पाडल्या होत्या: एक आठवड्यापर्यंत, दोन आठवड्यांपर्यंत, महिन्यापर्यंत, दोन महिन्यांपर्यंत आणि त्याहून जास्त. दर पायरीला विकासाचे गुण सरासरी ३.९ ने कमी होत गेले. आमचे अडतीस दिवस चौथ्या पायरीवर बसतात.

मध्यमान

धागा उत्तम आहे. मी औषधशास्त्रातला नाही. चाचण्यांचे आकडे तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून त्या ३.९ गुणांबद्दल थोडे लिहितो.

कोणत्या बाळाला कोणते औषध मिळेल हे त्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. कोणत्या बाळाला उशीर होईल हे तसे ठरवलेले नव्हते आणि कोणतीही नीतिसमिती तसे ठरवू देणार नाही. त्यामुळे उशीर हेच कारण, असे त्या आकड्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांचे झटके सुरुवातीला अगदी हलके होते त्यांचे निदान उशिरा झाले असेल. उलट जन्मतःच मेंदूला इजा झालेल्या बाळांवर सगळ्यांचे लक्ष असल्याने त्यांचे निदान लवकर झाले असेल आणि तरीही त्यांचा विकास कमीच राहिला असेल. संशोधकांनी आजाराचे कारण आणि मिळालेले औषध यांचा परिणाम वजा करून पाहिला आणि उशिराचा परिणाम त्यानंतरही शिल्लक राहिला, म्हणून मी तो आकडा गंभीरपणे घेतो. पण सरासरी ही गटाची असते. पारिजातताई, तुमच्या मुलीच्या अडतीस दिवसांचा हिशेब या आकड्याने करू नये.

दुसरी गोष्ट. २००४ च्या निकालावरून पुष्कळ जण असे धरून चालतात की हार्मोन जिंकले आणि व्हिगाबॅट्रिन हरले. त्याच बाळांना चौदा महिन्यांच्या वयात पाहिले तेव्हा झटके थांबलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश होते आणि विकासाचे सरासरी गुणही सारखेच होते. फरक उरला तो ज्यांच्या आजाराचे कारण सापडले नव्हते त्या मुलांत: हार्मोन गटाचे गुण ८८.२ आणि व्हिगाबॅट्रिन गटाचे ७८.९. ज्यांचा मेंदू मुळात धडधाकट होता त्यांच्यात झटके लवकर थांबण्याचा लाभ दिसला, असा त्याचा अर्थ लावतात आणि मला तो पटतो.

मग दोन्ही औषधे एकत्र का देऊ नयेत? तेही करून पाहिले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३७७ बाळे होती. केवळ हार्मोन दिलेल्यांपैकी ५७ टक्के, तर दोन्ही औषधे दिलेल्यांपैकी ७२ टक्के बाळांना चौदाव्या ते बेचाळिसाव्या दिवसांत एकही झटका आला नाही. त्या वेळी फार आशा निर्माण झाली होती. पुढच्याच वर्षी दीड वर्षाच्या वयातले निष्कर्ष आले आणि विकासात किंवा अपस्मार शिल्लक राहण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सुरुवातीची आघाडी पुढे का टिकली नाही, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

गवतीचहा

माहिती वाचली. तरीही सहा महिन्यांच्या बाळाला स्टेरॉइड देणे मला स्वतःला पटत नाही. माझ्या आत्याला दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिले गेले आणि तिची हाडे ठिसूळ झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अपस्मारावर साध्या गोळ्या असताना थेट स्टेरॉइडच का? आधी सौम्य औषध देऊन पाहण्यात काय बिघडते?

तालुका_बालरोग

एका तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. गवतीचहा यांचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या ओपीडीत दर वेळी येतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

‘सौम्य’ औषध म्हणजे बहुतेक वेळा फिनोबार्बिटोन. मुलाला फिट येते म्हटले की आम्हा डॉक्टरांचाही हात सवयीने त्या बाटलीकडे जातो. या विशिष्ट झटक्यांवर अपस्माराची नेहमीची औषधे फारशी चालत नाहीत. बाळ गुंगीत राहते, घरच्यांना उपचार सुरू झाल्याचे समाधान मिळते आणि तीन आठवडे निघून जातात. पारिजात_१७ यांनी ज्या पायऱ्या सांगितल्या, त्यांतल्या एक-दोन पायऱ्या पुष्कळदा अशाच ओलांडल्या जातात. त्यामुळे ‘आधी सौम्य’ हा मार्ग इथे सौम्य राहत नाही.

स्टेरॉइडची भीती खोटी नाही, पण दम्यासाठी वर्षानुवर्षे दिलेले स्टेरॉइड आणि हे काही आठवड्यांचे स्टेरॉइड यांची तुलना होत नाही. ब्रिटनच्या चाचणीत प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम, आठवड्याभरात झटके न थांबल्यास ६० मिलिग्रॅम, असे दोन आठवडे दिले आणि नंतर उतरत्या मात्रेने बंद केले. या काळात बाळाचा रक्तदाब वाढू शकतो, साखर वाढू शकते, जंतुसंसर्ग झाल्यास तो जोर धरतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी तपासण्या होतात, घरात कोणाला क्षयरोग आहे का हे आवर्जून विचारले जाते आणि उपचार चालू असताना रक्तदाब वारंवार मोजला जातो. बाळाचे गाल फुगतात, ते चिडचिडे होते आणि त्याची भूक राक्षसासारखी वाढते. औषध उतरवल्यावर हे सगळे ओसरते. मात्र झटके थांबले म्हणून घरच्या घरी एका दिवसात औषध बंद केले, तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याचे काम मंदावलेले असल्याने बाळाच्या जिवावर बेतू शकते. (मात्रेचे आकडे चाचणीतले म्हणून लिहिले आहेत. कोणीही त्यावरून स्वतः औषध देऊ नये.)

एसीटीएचची इंजेक्शने आपल्याकडे महाग पडतात आणि सर्वत्र मिळत नाहीत. त्यामुळे गोळ्यांनी भागते का, हा प्रश्न आपल्यासाठी निव्वळ अभ्यासाचा नाही. दिल्लीत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ६३ मुलांच्या चाचणीत प्रेडनिसोलोनची जास्त मात्रा, वजनाच्या दर किलोला ४ मिलिग्रॅम, मिळालेल्यांपैकी निम्म्या मुलांचे झटके दोन आठवड्यांत थांबले. २ मिलिग्रॅम मिळालेल्यांपैकी पाव मुलांचे थांबले. त्यापुढच्या वर्षी श्रीलंकेतून ९७ बाळांची चाचणी आली: गोळ्यांनी ४८ पैकी २८, एसीटीएचच्या इंजेक्शनांनी ४९ पैकी १८. थोडक्यात, काही रुपयांची गोळी महागड्या इंजेक्शनापेक्षा कमी ठरली नाही, उलट सरस ठरली. हे संशोधन आपल्या शेजारात, आपल्यासारख्याच रुग्णालयांत झाले, याचे मला विशेष वाटते.

आता ओळखायचे कसे. दचकण्याला निमित्त लागते: भांडे पडले, दार आपटले, बाळाला पटकन खाली ठेवले. तसे दचकणे साधारण चार-पाच महिन्यांपर्यंत कमी होत जाते. हे झटके निमित्ताशिवाय येतात, एकामागून एक मालिकेत येतात आणि बहुधा झोपेतून उठल्यावर येतात. पोटदुखीत बाळ बराच वेळ कळवळते; इथे एक-दोन सेकंदांचा ताठरपणा, मग सैल, मग पुन्हा ताठरपणा. कधी कधी फक्त डोळे वर जातात किंवा मान किंचित होकार दिल्यासारखी हलते. मला आधी दाखवा तो मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, बाळ नंतर. तपासणीच्या टेबलावर ते हसणारच आहे.

ईईजी झोपेतला हवा. जागेपणीचा ईईजी या आजारातही कधी कधी ठीकठाक दिसतो आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून माणसे घरी जातात.

आणि कारण. आपल्याकडे या बाळांच्या इतिहासात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात: जन्मल्यावर लगेच न रडणे आणि पहिल्या दोन-चार दिवसांत रक्तातली साखर उतरणे. दुसरी गोष्ट टाळण्यासारखी असते, हे लिहिताना माझा हात जड होतो. कमी वजनाचे बाळ, दूध नीट न ओढणारे बाळ, घुटी-मध चाटवून झोपवलेले बाळ... एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागावर त्याच्या खुणा दिसतात.

आजी_अजून_शिकते

माझ्या नातवाला हाच आजार झाला. तिसरी लस दिली आणि पाच दिवसांत झटके सुरू झाले. घरातल्या सगळ्यांनी लशीला दोष दिला आणि मीही दिला. सुनेने पुढच्या लशी थांबवल्या आहेत. डॉक्टर ‘संबंध नाही’ एवढेच म्हणतात, पण का नाही ते सांगत नाहीत. कोणी समजावून सांगेल का?

मध्यमान

आजी, याचे उत्तर डेन्मार्कच्या एका जुन्या अभ्यासात फार सुरेख सापडते. तिथे १९७० मध्ये डांग्या खोकल्याच्या लशीचे वेळापत्रक बदलले. आधी लस पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्यांत देत. नंतर ती पाच आठवडे, नऊ आठवडे आणि दहा महिने या वयांत देऊ लागले. झटके लशीमुळे सुरू होत असते, तर वेळापत्रकाबरोबर झटके सुरू होण्याचे वयही पुढेमागे सरकायला हवे होते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ते वय जागचे हलले नाही. आजार तीन ते सात महिन्यांच्या वयात डोके वर काढतो आणि लशीही त्याच वयात दिल्या जातात, म्हणून दोन्हींची गाठ पडते.

तालुका_बालरोग

मध्यमान यांच्याशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो: स्टेरॉइड चालू असताना आणि त्यानंतर काही काळ जिवंत जंतूंच्या लशी, उदाहरणार्थ गोवराची, पुढे ढकलतात. ती तात्पुरती गोष्ट आहे. तुमच्या नातवाच्या राहिलेल्या लशी कधी द्यायच्या ते त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आजी.

केंटकर

टनब्रिजपासून तासाभराच्या अंतरावर राहतो, मूळचा सांगलीचा. वेस्ट यांचे नाव वाचून लिहावेसे वाटले.

आमच्या मुलाच्या पाठीवर जन्मापासून दोन फिकट डाग होते, पिंपळाच्या नव्हे, पण लांबट पानासारखे. आई म्हणायची, जन्मखूण आहे, भाग्याची असते. सातव्या महिन्यात झटके सुरू झाले. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोलीतले दिवे मालवून अतिनील दिव्याखाली त्याला पाहिले, तेव्हा दोनाचे नऊ डाग झाले. त्याला ट्युबरस स्क्लेरोसिस होता, म्हणजे मेंदू, हृदय, मूत्रपिंड अशा अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार.

या मुलांपुरता वरचा वाद मिटल्यासारखा आहे, कारण त्यांच्यात व्हिगाबॅट्रिन विशेष परिणामकारक ठरते आणि बहुतेक ठिकाणी तेच आधी देतात. ब्रिटनच्या २००४ च्या चाचणीतून अशी मुले वगळलीच होती, हे ते आकडे वाचताना लक्षात ठेवावे. आमच्या मुलाचे झटके चौथ्या दिवशी थांबले. पण या औषधाने नजरेचा परीघ कायमचा अरुंद होऊ शकतो आणि धोका मात्रा व कालावधी यांबरोबर वाढतो. आठ महिन्यांच्या बाळाला ‘कडेचे दिसते का’ असे विचारता येत नाही. आम्ही दोघे त्याच्या पाठीमागून चमचा हळूहळू पुढे आणत असू आणि तो केव्हा वळून बघतो ते पाहत असू. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी हसून, यावरून निष्कर्ष काढू नका, असे बजावले. सहा महिन्यांनी औषध उतरवून बंद केले.

झटके येण्यापूर्वीच औषध दिले तर? ट्युबरस स्क्लेरोसिस हल्ली गर्भारपणातल्या सोनोग्राफीत हृदयातल्या गाठींवरूनही लक्षात येतो, म्हणून हा प्रश्न विचारता आला. युरोपातल्या २०२१ च्या अभ्यासात अशा बाळांचे ईईजी ठरावीक अंतराने काढले आणि त्यात बिघाड दिसताच, झटक्यांची वाट न पाहता, व्हिगाबॅट्रिन सुरू केले. चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या गटांत पहिला झटका येईपर्यंतचा काळ १२४ दिवसांवरून ३६४ दिवसांवर गेला. पण अमेरिकेतल्या २०२३ च्या अशाच चाचणीत सलाम झटक्यांचे प्रमाण कमी झाले तरी दोन वर्षांच्या वयातल्या आकलनात फरक दिसला नाही. झटके थांबवणे आणि मूल शिकते होणे या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या एकत्र बांधलेल्या नसाव्यात, असे मला यावरून वाटते.

पारिजात_१७

केंटकर, शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते. आमच्या मुलीचे झटके अकराव्या दिवशी थांबले, ईईजी महिन्याभरात सुधारला, एमआरआयमध्ये काही सापडले नाही. ती दोन वर्षांची झाल्यावर चालली आणि चार वर्षांची झाल्यावर वाक्ये बोलू लागली. या वर्षी ती पहिलीत आहे, एक वर्ष उशिरा नाही, पण वर्गात मागे आहे. तरीही त्या पाच पायऱ्यांचे गणित मला सुटत नाही असे म्हणण्यापेक्षा, ते मांडायचेच मी सोडून दिले आहे. मध्यमान यांचे म्हणणे मान्य आहे.

खिचडी_बंद

औषधांनी झटके न थांबलेल्या मुलांविषयी इथे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझ्या मुलाचे सलाम झटके दोन्ही औषधांनी गेले नाहीत आणि पुढे त्यांचे रूप बदलून दिवसाला तीस-चाळीस वेगवेगळे झटके येऊ लागले. तो तीन वर्षांचा असताना आम्ही आहारोपचार घेतला. उपाशी राहिल्यावर फिट थांबतात हे निरीक्षण फार जुने आहे. शरीराला उपास घडल्याचा भास व्हावा असा चरबीप्रधान आहार १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून पुढे आला. त्याची थोडी सैल आवृत्ती दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर तपासली गेली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार घेतलेल्यांपैकी ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक कमी झाले. नेहमीच्या औषधांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ११.५ टक्के होते.

आकडा वाचायला सोपा आहे. दिवसाला दहा ग्रॅम कर्बोदके म्हणजे वरणभात नाही, पोळी नाही, खिचडी नाही, केळे नाही. अंडी, पनीर, लोणी, खोबरेल तेलात परतलेली पालेभाजी. शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा शिरा बोटभर चाटवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झटके वाढले. ते शिऱ्यामुळेच वाढले की योगायोग होता, हे सांगता येत नाही, पण काकू आणि मी वर्षभर बोललो नाही. सगळ्यात उशिरा लक्षात आली ती औषधाच्या सिरपमधली साखर. मग सगळी औषधे गोळ्यांच्या रूपात बदलून घेतली. त्याचे झटके दिवसाला पाच-सहांवर आले. शून्यावर आले नाहीत.

तालुका_बालरोग

औषधांना दाद न देणाऱ्या मुलांत शस्त्रक्रियेचा विचारही वेळेवर व्हावा, एवढेच जोडतो. मेंदूच्या एकाच भागात दोष असेल तर तो काढता येतो. एम्समधली ११६ मुलांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली: वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटकेमुक्त होती, केवळ औषधांवर राहिलेल्यांपैकी ७ टक्के. किंमतही लहान नव्हती, कारण शस्त्रक्रिया झालेल्या ५७ पैकी १५ मुलांची एक बाजू कमजोर झाली. ही चाचणी सर्व प्रकारच्या अपस्मारांची होती, केवळ सलाम झटक्यांची नव्हे.

रानवाट

मी आजवर इथे फक्त वाचत आलो आहे. आज लिहितो. मुलगा सहा महिन्यांचा आहे. चार दिवसांपासून सकाळी उठल्यावर मान झुकवतो, हात वर जातात, नऊ-दहा वेळा. काल रात्री हा धागा वाचला आणि आज पहाटे व्हिडिओ काढला. आमच्या गावापासून जिल्ह्याचे ठिकाण नव्वद किलोमीटर आहे. ईईजीसाठी गुरुवारची वेळ मिळाली आहे. तोवर थांबावे का?

तालुका_बालरोग

रानवाट, थांबू नका. व्हिडिओ घेऊन आजच जिल्ह्याच्या ठिकाणच्या बालरोगतज्ज्ञांना किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालविभागात दाखवा आणि ‘इन्फन्टाइल स्पाझम्स असू शकतात का’ असे याच शब्दांत विचारा. व्हिडिओ पाहिल्यावर ते बहुधा ईईजी अलीकडे ओढून घेतील. जन्माच्या वेळचे कागद, विशेषतः काचेच्या पेटीत ठेवले असल्यास तिथले डिस्चार्ज कार्ड, बरोबर असू द्या.

पारिजात_१७

आणि आज बाळाच्या डोक्याला तेल लावू नका. ईईजीच्या तारा पेस्टने चिकटवतात आणि तेलकट डोक्यावर त्या टिकत नाहीत. आमची एक तारीख केवळ त्यामुळे वाया गेली होती. प्रवासात त्याला झोपू देऊ नका. तिथे गेल्यावर झोपला पाहिजे.

रानवाट

आठ दिवसांनी लिहितो आहे. त्याच दिवशी निघालो. व्हिडिओ पाहून डॉक्टरांनी दुपारीच ईईजी केला आणि संध्याकाळी गोळी सुरू केली. म्हणजे झटके सुरू झाल्यापासून पाचव्या दिवशी. आज औषधाचा आठवा दिवस आहे. सकाळची मालिका नऊ-दहावरून तीनवर आली आहे, थांबलेली नाही, म्हणून काल मात्रा वाढवली. रक्तदाब गावातल्या उपकेंद्रातल्या सिस्टर रोज मोजतात; लहान मुलांचा पट्टा त्यांच्याकडे नव्हता, तो जिल्ह्याहून मागवून घेतला. एमआरआय पुढच्या सोमवारी आहे.

तो रात्रभर दूध मागतो. दर तासाला उठतो. बायको आणि मी पाळी लावली आहे.

पारिजात_१७

तीही अशीच उठायची. पहाटे चारची पाळी तुम्ही घ्या. त्या वेळी आईला सलग दोन तास झोप मिळाली तर दिवस निभतो. व्हिडिओ रोज त्याच वेळी काढत राहा आणि झटके मोजून तारखेपुढे लिहा. बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टर तेच विचारतील.